एका क्षणात की हळूहळू

माणसाने आयुष्यात किती वेळा चिडावं याला सरकारने काही मर्यादा घालून दिली असती, तर आमच्या शेजारच्या पास्टरकाकाजींनी ती चाळिशीच्या आतच संपवली असती आणि पुढचं सगळं आयुष्य त्यांना मुकाट्याने बसून काढावं लागलं असतं. अख्ख्या नेर गावात इतका तापट माणूस मी पाहिला नाही आणि इतका नम्र माणूसही पाहिला नाही. गंमत म्हणजे हे दोघे एकाच पांढऱ्या सदऱ्यात राहत होते. सकाळी चिडायचे ते पास्टर आणि संध्याकाळी माफी मागायला यायचे तेही पास्टरच. आमची आई म्हणायची, "त्यांचा राग परवडला बाई, माफी परवडत नाही." तिचं खरं होतं. राग अर्ध्या मिनिटात आटपायचा. माफीला मात्र बैठक लागायची, चहा लागायचा, आणि शेवटी डोळे मिटून एक लांबलचक प्रार्थना व्हायची, तोवर आईचं गॅसवरचं दूध उतू गेलेलं असायचं.

एकदा बसस्टँडवर ते आपली पेटी, म्हणजे भजनाची बाजाची पेटी, सांभाळत एसटीत चढत होते आणि कंडक्टरने घाई करून घंटी मारली. झालं. दारव्ह्यापर्यंत त्यांनी त्या कंडक्टरला जे सुनावलं ते ऐकून मागच्या सीटवरची पोरं रडायची थांबली म्हणतात. संध्याकाळी अर्थातच पश्चात्ताप. दुसऱ्या दिवशी काकाजी स्टँडवर गेले, तीच गाडी शोधली आणि तिच्यासमोर हात जोडून उभे राहिले. ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, प्रवासी ओरडतायत आणि हे सर्वांदेखत कालच्या अपराधाची कबुली देतायत. कंडक्टर बिचारा म्हणाला, "काकाजी, बाजूले व्हा ना, गाडी लेट होऊन राह्यली." त्यावर काकाजी कडाडले, "अरे, मी माफी मागून राह्यलो अन् तुले गाडीची पडली?" म्हणजे तिसऱ्या दिवशी पुन्हा जाणं आलं. पुढे पुढे तो कंडक्टर लांबून पांढरा सदरा दिसला की खिडकीतून मान बाहेर काढून आधीच ओरडायचा, "माफ केलं काकाजी, माफ केलं!" आणि दणदण घंटी मारायचा.

समोरच्या गफूरभाई मेकॅनिकच्या बकरीचीही अशीच कथा. तिने उन्हात वाळत घातलेल्या गीतांच्या पुस्तकाची चार पानं खाल्ली. काकाजींनी चप्पल फेकली, ती तिला लागलीसुद्धा नाही. तरी दिवेलागणीला हे मेथीची जुडी घेऊन बकरीपुढे उकिडवे बसलेले. गफूरभाई हसून हसून बेजार. "पास्टर, बकरी को क्या समझता?" काकाजी गंभीरपणे म्हणाले, "तिले नाही समजत. मले तं समजते." त्या दिवसापासून ती बकरी रोज संध्याकाळी त्यांच्या दारात येऊन उभी राहायची. तिला माफीची चटक लागली होती.

यात ढोंग तिळभरही नव्हतं. काकाजी एका छोट्याशा ख्रिस्ती मंडळीचे, म्हणजे चर्चचे, पास्टर होते. आमच्या गल्लीच्या टोकाला टिनाच्या छपराची एक खोली, तिच्यावर 'स्वतंत्र वेस्लियन मंडळी' अशी पाटी. अशाच आणखी पाच-सहा मंडळ्या जिल्ह्यात इकडेतिकडे होत्या: एक राळेगावला, एक बोरी अरबला, बाकी लहान गावांत. या मंडळ्यांची घडण कशी आहे हे आमच्या वडिलांना समजावून सांगताना काकाजींचा घसा बसला होता. वडिलांचं सगळं आयुष्य तहसील कचेरीत गेलेलं. मीही त्याच कचेरीत चिकटलो होतो. वडील विचारायचे, "पण पास्टर, तुमचा वरचा साहेब कोण?"

"कोनी नाही, बाबूजी. बिशप नाही, हेड ऑफिस नाही. हरेक मंडळी आपली मालक."

"मग बदल्या कोण करतं?"

"बदल्या नाहीच."

"वर कोणीच नाही?"

"वर देव हाये."

"आणि देवाच्या खाली?"

"खाली डायरेक्ट आमी."

वडिलांच्या कपाळावर आठी पडली. मग काळजीच्या सुरात म्हणाले, "मग कागद अडतो कुठे?" ज्या व्यवस्थेत कागद अडायलाच जागा नाही ती टिकेल कशी, हा त्यांचा प्रामाणिक प्रश्न होता. काकाजी म्हणायचे, आम्हाला बांधून ठेवणारी गोष्ट एकच, ती म्हणजे आमचं सगळ्यांचं मानणं एक आहे. देवाची कृपा सगळ्यांसाठी आहे, कोणी तिच्याबाहेर नाही. माणूस देवाकडे वळायच्या आधी देवच त्याच्याकडे यायला निघालेला असतो. पाप माफ होतं, आणि तेवढ्यावर थांबत नाही: माणसाचं मन इथेच, याच आयुष्यात, रागालोभापासून धुऊन निघू शकतं आणि त्यात नुसतं प्रेम उरू शकतं. आणि हे काम एकट्याने होत नाही, म्हणून एकमेकांना धरून राहायचं आणि बाहेर उभा असेल त्याला आत सरकून जागा द्यायची. बस, एवढ्यासाठीच मंडळ्या.

आता कळलं ना त्यांची पंचाईत काय होती ती? ज्या माणसाचा ठाम विश्वास आहे की मनातला राग समूळ जाऊ शकतो, त्यालाच देवाने असा स्वभाव दिलेला. त्यामुळे इतरांचा राग म्हणजे नुसता राग, काकाजींचा राग म्हणजे त्यांच्या धर्मावरच घाव. दर वेळी आपल्या बंद पडणाऱ्या लुना मोपेडला लाथ मारून झाली की ते तिच्या सीटवर हात ठेवून क्षणभर उभे राहत. इंग्लंडात पूर्वी त्यांच्या पंथाचे उपदेशक घोड्यावरून गावोगाव फिरायचे म्हणे. काकाजींच्या नशिबी लुना आली होती. "घोडा तरी चना खाऊन चालते," ते गफूरभाईला म्हणायचे, "हे कायनं चालते ते तुलेच माईत."

दर गुरुवारी संध्याकाळी त्या टिनाच्या खोलीत माणसं सतरंजीवर गोल करून बसायची. ही त्यांची जुनी रीत. काकाजी एकेकाकडे वळून एकच प्रश्न विचारायचे, "तुहा जीव कसा हाये?" आणि नियम असा की 'बरा आहे', 'ठीक आहे' हे उत्तर चालणार नाही. मनाचं खरं काय चाललंय ते सांगायचं. ऐकणाऱ्यांनी सल्ला द्यायचा नाही, फक्त ऐकायचं आणि प्रार्थना करायची. सुरुवातीला आम्हाला याचं हसू यायचं. पण ती कापसाची वाईट वर्षं होती. पऱ्हाटी उभी राहायची तर बोंडात अळी, बोंड वाचलं तर भाव नाही. नेरसारख्या गावात शेत नसलेल्याचं घरही कापसावरच चालतं. शिंप्याचं मशीन बंद, हॉटेलात भज्यांची परात झाकलेली, गफूरभाईकडे दुरुस्तीला आलेल्या गाड्या मालक न्यायलाच येईनात. रस्त्यात कुणाला 'काय म्हणता' विचारायचीही लोकांना धास्ती वाटू लागली, कारण समोरचा खरंच सांगेल. अशा दिवसांत गावात एका ठिकाणी हा प्रश्न राजरोस विचारला जात होता. हळूहळू गुरुवारची सतरंजी पुरेनाशी झाली. गफूरभाई नमाज आटपून पायरीवर येऊन बसायचे. आमचे वडील "जरा बघून येतो" म्हणून जायचे आणि डोळे पुसत परत यायचे. मंडळीतल्या कुणीतरी सुचवलं की आलेल्या माणसांना आपल्यात घ्यावं, नावं लिहावीत. काकाजी त्याच्यावर असे काही उखडले की त्या माणसाकडे त्यांना ओळीने दोन दिवस जावं लागलं. "अरे, जागा द्याले बसलो आपन," ते म्हणाले, "मोजाले नाही."

पण सगळ्यांना विचारणाऱ्या काकाजींना कोण विचारणार? वर साहेब नसल्यामुळे त्याचीही एक सोय या मंडळ्यांनी पूर्वीच करून ठेवली होती. प्रत्येक पास्टरला दुसऱ्या मंडळीतला एक पास्टर जोडीदार म्हणून ठरलेला. त्याने याला विचारायचं, याने त्याला. काकाजींचे जोडीदार होते बोरी अरबचे पास्टर, जे त्यांचे सख्खे साडूही होते. काकूंच्या धाकट्या बहिणीचे यजमान. आणि त्या साडूबुवांशी काकाजी कैक वर्षं बोलत नव्हते.

भांडण कशावरून? शेतीवाडीवरून नाही, मानपानावरून नाही. मन धुऊन निघतं यावर दोघांचा सारखाच विश्वास. पण ते एका क्षणात धुऊन निघतं, असं काकाजींचं मत आणि हळूहळू, जन्मभर धुतलं जातं, असं साडूंचं. दोघांचे स्वभावही मताला साजेसे. काकाजी चालत्या एसटीत चढणारे. साडूबुवा असे की चपला घालायला बसले तर बायकोने तेवढ्यात भाजी निवडून घ्यावी. राळेगावच्या वार्षिक सभेत काकाजी रंगात येऊन सांगत होते, "एका क्षणात! दिवा लागते तसा!" त्यावर साडूबुवा आयुष्यातला एकुलता एक विनोद करून बसले. सावकाश म्हणाले, "मंग तुमचा दिवा कधी लागन, भाऊ? आमी लय वर्सापासून अंधारात बसून वाट पाहून राह्यलो." सभा खो खो हसली. काकाजींनी पेटी उचलली आणि तडक नेरला आले. ज्या माणसाने बकरीची माफी मागितली, कंडक्टरची मागितली, लुनाची मागितली, तो या एका माणसाकडे मात्र गेला नाही.

यात हाल झाले ते काकूंचे. काकू मोजकं बोलणारी बाई. दर उन्हाळ्यात दोघी बहिणी मिळून कुरडया करायच्या: एकीने गव्हाचा चीक हाटायचा, दुसरीने सोऱ्या फिरवायचा. आता ते बंद झालं. आमची आई मदतीला जायची, पण काकू वाळवणाकडे बघून म्हणायच्या, "वैनी, तुमी लय मेहनत घेतली, पन वाकड्याच झाल्या." एकदा भिंतीपाशी उभ्या राहून त्या आईला म्हणाल्या, "दोघाइचं मन धुवाचं चालू हाये, अन् मले माह्या बहिनीचं तोंड दिसत नाही." मला त्या वेळी काकाजींचा खरोखर राग आला होता.

त्या हिवाळ्यात सगळ्या मंडळ्यांच्या वार्षिक मेळ्याची पाळी नेरची आली. मेळ्याचा शेवट प्रीतिभोजनाने व्हायचा. म्हणजे पक्वान्नं नव्हेत: भाकरीचा तुकडा आणि एकाच गडव्यातलं पाणी, सगळ्यांनी एका पंगतीत बसून. पण त्याआधी जोडीदार पास्टरांनी सर्वांसमोर एकमेकांना तो प्रश्न विचारायचा. राळेगावच्या म्हाताऱ्या पास्टरांनी निरोप धाडला: हे दोघे साडू या वेळीही एका पंगतीत बसले नाहीत, तर पुढच्या वर्षापासून ज्याने त्याने आपापल्या घरी जेवावं. प्रत्येक मंडळी स्वतंत्र, तेव्हा वेगळं व्हायला कुणाची परवानगी लागत नव्हती आणि एकत्र ठेवायलाही कुणाचा हुकूम चालत नव्हता. काकूंनीही आपलं म्हणणं सांगून टाकलं, "भाकरी मी सगळ्याइच्या करीन. पन पंगतीत बसन तं बहिनीजवळच. ते नाही आली, तं मी चुलीजवळच बरी."

काकाजी दोन दिवस घरात येरझाऱ्या घालत राहिले. तिसऱ्या दिवशी त्यांनी लुना काढली, ती सुरू झाली नाही, तिला लाथ बसली, तिची माफी मागून झाली आणि मग मला माझी स्कूटर काढावी लागली. बोरी अरबला साडूबुवा अंगणात बाज विणत बसले होते. काकाजी स्कूटरवरून पुरते उतरलेही नव्हते.

"मी माफी मागाले आलो."

साडूबुवांनी दोरी ओढली, गाठ मारली, बाज हलवून पाहिली. मग म्हणाले, "बसा तं खरं."

"बसाचं नाही. माफ केलं का नाही, ते सांगा."

"करीन ना."

"करीन म्हंजे? आता करा!"

"सुरू केलं ना आता. होईन हळूहळू."

"माफी कायले हळूहळू लागते?" काकाजींचा आवाज चढला. "ते काय बाज हाये विनाले?"

"बाज नाही," साडूबुवा शांतपणे म्हणाले, "पन टाईम तिलेबी लागते."

त्यानंतर जे झालं ते सांगण्यात अर्थ नाही. माफी एका क्षणात होते की हळूहळू, यावर दोन धर्मोपदेशक भर अंगणात हमरीतुमरीवर आलेले मी या डोळ्यांनी पाहिले आहेत. आम्ही चहाशिवाय परत निघालो. फाटकाशी काकूंची बहीण धावत आली आणि माझ्या हातात एक डबा कोंबून म्हणाली, "ताईले द्या." डब्यात कुरडया होत्या. घरी काकूंनी एक कुरडई उचलून पाहिली आणि म्हणाल्या, "तिच्याबी वाकड्याच झाल्या." मग डबा छातीशी धरून आत गेल्या.

मेळ्याच्या दिवशी टिनाची खोली गच्च भरली. आम्हा शेजाऱ्यांनाही बोलावणं होतं, म्हणून मी, वडील आणि गफूरभाई मागे भिंतीला टेकून बसलो. बोरी अरबचं कुणी दिसत नव्हतं. पास्टरांच्या जोड्या एकेक करून पुढे आल्या, विचारून झालं, सांगून झालं. शेवटी काकाजी एकटे उभे राहिले. सगळ्यांच्या माना खाली. मागच्या चुलीजवळून फक्त भाकरी थापल्याचा आवाज येत होता, मग तोही थांबला.

"मले विचारनारा मानूस मीच घालवला," काकाजी म्हणाले. त्यांचा आवाज इतका हळू असू शकतो हे आम्हाला माहीत नव्हतं. "तं आज मीच मले विचारतो. माहा जीव बरा नाही. त्या दिवशी तो खरं बोलला, अन् खरं बोलला म्हनूनच मले राग आला. मी तुमाले सांगत राह्यलो का दिवा एका क्षणात लागते. माहा अजून लागला नाही."

दाराशी खुसपूस झाली. साडूबुवा तिथे वाकून चपला काढत होते. ते पहिल्या गाडीने वेळेवर निघाले होते, पण स्टँडपासून चालत, थांबत, ओळखीच्यांशी बोलत आले होते, आणि चपला काढायला त्यांना जेवढा वेळ लागतो तेवढ्यात काकाजींचं सगळं बोलणं त्यांच्या कानावर पडलं होतं. ते माणसांतून वाट काढत पुढे आले.

"असं नाही, पास्टर," ते म्हणाले. "आपलं आपन विचाराचं नसते. ते माहं काम हाये." मग थोडं थांबून, "जीव कसा हाये?"

"बरा नाही."

"माहाबी नाही."

बस, एवढंच. पण तेवढ्यात मागच्या दाराने चुलीपाशी पोहोचलेल्या धाकटीचा आणि काकूंचा असा काही आवाज उठला की ते रडणं आहे की हसणं, हे कुणालाच कळेना. दोघी पिठाच्या हातांनीच पंगतीत येऊन बसल्या, एकमेकींना चिकटून. भाकरी वाटली गेली, गडवा फिरला, पायरीकडच्या माणसांपर्यंत गेला. पहिला घास गिळता गिळता काकाजी गरजले, "पाह्यलं? एका क्षणात झालं!"

साडूबुवा सावकाश चावत होते. घास संपल्यावर म्हणाले, "इतके वर्सं लागले, भाऊ."

सगळ्यांत मोठ्याने आमचे वडील हसले. घरी येताना ते मला म्हणाले, "यांना वर साहेब नाही तेच बरं. साहेब असता तर त्याने चौकशी समिती नेमली असती आणि हे दोघे अजून बोलले नसते." कचेरीत जन्म घालवलेल्या माणसाकडून याहून मोठी पावती मिळणं शक्य नव्हतं.

पुढे काही वर्षांनी साडूबुवा गेले, तेही त्यांच्या पद्धतीने, सगळ्यांचा निरोप घेत, सावकाश. त्यानंतर एका गुरुवारी काकाजी आमच्या ओसरीवर येऊन बसले. "बापू, आता मले तू विचारत जाय." मी म्हटलं, "काकाजी, मी तुमच्या मंडळीतला नाही." ते चिडले. "विचाराले मंडळीत असनं लागते काय? कान असनं लागते!" दुसऱ्या दिवशी सकाळी माफी मागून गेले. तेव्हापासून मी दर गुरुवारी विचारायला लागलो, आणि ते मला. मी कधी कुणाला सांगितलं नाही ते त्या माणसाला सांगितलं.

शेवटच्या वर्षी मला एक चमत्कारिक गोष्ट दिसू लागली. काकाजी चिडेनासे झाले. लुना सुरू झाली नाही तर तिला तशीच ढकलत गफूरभाईकडे नेत. बकरीने, म्हणजे त्या बकरीच्या नातीने, धुतलेला सदरा चघळला तर ते नुसते बघत बसले. मला काळजी वाटली. गुरुवारी मी विचारलं, "काकाजी, जीव कसा आहे?" त्यांनी चघळलेल्या सदऱ्याची बाही सरळ केली. मग म्हणाले, "स्वच्छ वाटते, बापू." मी चिडवायचं म्हणून विचारलं, "मग? एका क्षणात झालं की हळूहळू?"

ते हसले. "ते पयले साडूलेच सांगीन," म्हणाले. "तुले आधी सांगतलं, तं तो रुसन."

काकाजी गेल्यापासून काकू बहिणीकडे बोरी अरबला असतात. त्यांच्या कुरडया दर उन्हाळ्यात आमच्याकडे येतात, सरळ, एकसारख्या. टिनाच्या खोलीत गुरुवारी अजून सतरंजी पसरते, राळेगावहून एक तरुण पास्टर येतो, मीही कधीतरी मागे जाऊन बसतो. सगळं ठीक चाललंय म्हणायचं. पण हल्ली गल्लीत कुणी माझ्यावर उगाच ओरडलं, की दुसऱ्या दिवशी सकाळी मी आईसारखंच दूध गॅसवर ठेवतो आणि दार उघडून जरा वेळ उंबऱ्यात थांबतो. कोणी येत नाही.